घरी डिकेड रेझिस्टन्स बॉक्स (नॉब फिरवून हवा तितक्या ओमचा रोध देणारी पेटी) बनवण्यात अर्थ आहे का, की एखादा पॉट (फिरवून रोध कमीजास्त करायचा पोटेन्शिओमीटर) लावून भागेल?

पॉटवर मीही दोन-तीन वर्षं भागवलं. सर्किट जमलं की किती ओमवर जमलं हे बघायला पॉट सोडवून मीटर लावायचा, आणि सोडवताना बोट लागलं की गेलं सगळं. पेटीवर आकडा समोर दिसतो. तेव्हा बनवाच.

मात्र तुम्ही लिहिलंय तसं, १ ओमपासून १० लाखांपर्यंत प्रत्येक ओम मिळावा म्हणून सहा नॉब लावू नका. १ लाख ओमचा एक टक्कावाला रेझिस्टर हजार ओमने इकडेतिकडे असू शकतो. तो मार्गात असताना एकेका ओमचा नॉब फिरवणं म्हणजे उसाची ट्रॉली काट्यावर घालून ड्रायव्हरच्या खिशातली सुपारी मोजणं. माझ्या पेटीत चारच नॉब आहेत, ० ते ९,९९९. जास्त लागलं तर बाहेरून एक रेझिस्टर सिरीजमध्ये जोडतो.

स्विच सिंगल पोल, बारा पोझिशनचा रोटरी घ्या. आतली वॉशर सरकवून दहावर अडवता येतो. शेजारशेजारच्या टॅगमध्ये (स्विचच्या पायांमध्ये) थेट नऊ रेझिस्टर डाखायचे. शून्याच्या टॅगवर वायर आत, मधल्या पोलवरून (नॉबबरोबर फिरणाऱ्या संपर्काच्या पायावरून) पुढच्या स्विचच्या शून्यावर. झालं. रेझिस्टर मेटल फिल्म प्रकारचेच घ्या आणि प्रत्येक मोजून लावा. १,००० ओमचे रंगीत पट्टे उलटे वाचले तर ११० होतात, आणि मी एक तसाच डाखला होता!

डब्याच्या भोकांसाठी मी शिवाजी उद्यमनगरात ड्रॉइंग घेऊन गेलो, तर ड्रिलवाला म्हणाला, "भावा, चार भोकांना नकाशा?" तरी काढाच. नॉबची खूण दोन आकड्यांच्या मधे थांबली की पेटी हातात धरवत नाही.

आता खरी गोम. सगळे नॉब शून्यावर ठेवून मोजा (आधी मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून वायरींचा आकडा वजा करा). माझी पेटी शून्यावर ०.४ ओम दाखवते. स्विचचे संपर्क आणि वायरी, दुसरं काही नाही. किरकोळ वाटतं ना? मी टेंपरेचर कंट्रोलर तपासायला हीच पेटी पीटी-१०० सेन्सरच्या (तापमानाबरोबर त्याचा रोध वाढतो) जागी लावतो. तो ० अंशाला १०० ओम, १०० अंशाला १३८.५. म्हणजे अंशाला साधारण ०.३८५ ओम, आणि माझी पेटी एका अंशाने खोटं बोलते. म्हणून तो आकडा झाकणावर मार्करने लिहिलाय.

चालू सर्किटवर नॉब फिरवू नका. साधा रोटरी एक संपर्क सोडून मग दुसरा धरतो, मधे क्षणभर सर्किट तुटतं. एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटरच्या अॅडजस्ट पायापासून ग्राउंडपर्यंत पेटी लावली होती, इनपुट १८ व्होल्ट, आउटपुट ५. शंभराचा नॉब एक घर सरकवला आणि आउटपुट थेट इनपुटच्या जवळ गेलं. पुढचा मायक्रोकंट्रोलर वारला. सोडण्याआधी धरणारे, शॉर्टिंग प्रकारचे स्विच मिळाले तर तेच घ्या.

पाव वॅटच्या रेझिस्टरला एकच्या नॉबवर ५०० मिलिअँप, दहावर १५८, शंभरवर ५० आणि हजारवर जेमतेम १६ चालतात. मी झाकणावर निम्मेच लिहिलेत, कारण पेटी पोरंही वापरतात.