'रे'वरून नाव: रेयांश

प्रश्न : नातू स्वातीच्या दुसऱ्या चरणावर जन्मला. पंचांगातून 'रे' अक्षर आलं आणि सूनबाईंनी 'रेयांश' काढलं. मोबाइलवर एकीकडे अर्थ 'विष्णूचा अंश', दुसरीकडे 'किरणाचा अंश'. खरा कोणता? आमच्या हिला तर नाव नीट म्हणताही येत नाही.
– एक आजोबा, विटा

उत्तर : आजोबा, पत्र वाचलं आणि आपट्यांचा संस्कृत कोश खाली काढला. रेणु आहे, रेवती आहे, रेवा आहे. (रेतस् पण आहे, ते राहू द्या.) 'रेय' मात्र नाही. शिव अधिक अंश शिवांश, रुद्र अधिक अंश रुद्रांश. तसं इथे फोडलं की हाती 'रेय' उरतो, आणि तो विष्णू नव्हे. वेदात धनवाचक 'रै' आहे, पण त्याला ओढूनताणून इथवर आणायला माझं मन घेत नाही. किरण कुठून आला हे उघड आहे: इंग्रजी 'रे'ला संस्कृत 'अंश' चिकटवला.

माझा आपला एक अंदाज. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. त्या 'श्रेयांस'चं बोलण्यात 'श्रेयांश' होतं, आणि पुढचा 'श्' गळला की रेयांश! गंमत म्हणजे मुळात तिथे अंश नाहीच. 'श्रेयस्', म्हणजे अधिक चांगला, त्याचं ते रूप.

पण सूनबाईंवर रागावू नका. मुलगी असती तर रेवा, रेवती, रेणुका, प्रश्नच नव्हता. मुलासाठी 'रे'वर शोधून बघा! सूर्यपुत्र रेवंत आहे. आणि रेवण, जे तुमच्या शेजारी रेणावीला रेवणसिद्धाचं देऊळ असताना तुम्हालाच सुचायला हवं होतं. आजच्या आईबापांना ते जुनाट वाटतं. त्यांना शेवटी तो 'यांश' हवा असतो, कानाला संस्कृत आणि तरी वर्गात दुसरा नको. अर्थ नंतर शोधतात.

घाईही नाही. जन्मनोंदणी 21 दिवसांत करा. नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. तोवर रेवंत सुचवून पाहा. नाहीच पटलं तर बारशाला आत्याला कानात रेयांश म्हणू द्या.

माझ्या नातीचं नाव मायरा. तिच्यासाठीही कोश काढला होता, मग मिटून ठेवला. मी तिला ठमी म्हणते. ओ देते.