एमआरआयमध्ये 'नाटक' दिसत नाही, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर २१ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, आठ दिवस नीट होते, नवव्या दिवशी संध्याकाळी भांडण नाही, टेन्शन नाही, सहज बाहेर पडले आणि पिऊन आले. सासूबाई म्हणतात सगळं नाटक, मनात आणलं तर सुटतंय, आणि दीर म्हणतायत बेळगावला नेऊन मेंदूचा एमआरआय काढू, खरंच आजार आहे का खोड आहे ते त्यात कळतंय. त्यासाठी एमआरआय काढू नका. तेवढे पैसे बाजूला ठेवा, पुढं औषधाला आणि जायला-यायला लागणार आहेत.

मी १८ वर्षं बेळगावात एमआरआय मशीनवर टेक्निशियन होतो, डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण पिणारी माणसं त्या बोगद्यात किती घातली त्याचा हिशोब नाही. खानापूर, हुक्केरी, चंदगड, सगळीकडची. करदोटा काढा म्हटलं की अर्धे जण भांडायला उठायचे. आणि जो कालपासून प्यायलेला नाही त्याचे हात थरथरतात, मान हलते, फोटो सगळा पुसट येतो, बाहेर आल्यावर आम्ही म्हणायचो मामा हलू नका म्हणून सांगितलं होतं की, तर ते म्हणायचे "मी कुठं हलूलालो?" अशा माणसाच्या रिपोर्टात फार तर काय येतं, मेंदू वयाच्या मानानं थोडा आकसलाय, मागचा छोटा मेंदू, ज्यावर चालताना तोल राहतो, तो जास्त आकसलाय. पण वीस वर्षं पिऊन ज्यांचा एमआरआय एकदम नॉर्मल आला असेही मी बघितलेत, आणि त्यातला एक रिपोर्ट घेऊन थेट बारमध्ये गेला, डॉक्टरनीच सर्टिफिकेट दिलं म्हणत. म्हणून म्हणतो, नॉर्मल आला तर सासूबाई म्हणणार बघ नाटकच, आणि खराब आला तर मिस्टर म्हणणार आता काय उपयोग सोडून. दोन्हीकडून तुमचंच मरण.

दीर जे म्हणतायत ते बहुतेक रंगीत फोटोवालं असणार, मेंदूत लाल-पिवळे ठिपके पेटलेले. तो एफएमआरआय, संशोधनातला. त्यात विचार दिसत नाहीत, कुठल्या भागात ऑक्सिजनवालं रक्त जास्त गेलं एवढंच दिसतं, १९९० च्या सुमाराला जपानच्या सेइजी ओगावांनी ही युक्ती दाखवली. पुढचं सगळं गणित, आणि गणितात चूक झाली की काय होतं बघा, २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या मंडळींनी एक मेलेला सॅल्मन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि 'विचारलं' की या माणसाला आत्ता काय वाटत असेल. आणि हिशोबातली एक दुरुस्ती न करता बघितलं तर माशाच्या मेंदूत ठिपके पेटलेले! मुद्दा पटवायलाच केला होता त्यांनी तो प्रकार, २०१२ ला त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. आम्ही डिपार्टमेंटमध्ये हसून लोळलो होतो. शिवाय हे अभ्यास तीस-चाळीस पिणारे आणि तेवढेच न पिणारे घेऊन त्यांची सरासरी काढतात. सरासरीतला फरक खरा असला तरी एकट्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवून हा व्यसनी आणि हा नाटकी असं कुणालाच सांगता येत नाही.

मग एवढी वर्षं मशीन चालवून हाती काय लागलं म्हणाल, तर लागलंय, आणि ते सासूबाईंना ऐकवण्यासारखं आहे. नोरा व्होल्काव म्हणून अमेरिकेत व्यसनावर संशोधन करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी १९९६ मध्ये पेट स्कॅननं (हे एमआरआयपेक्षा वेगळं मशीन) दाखवलं की दारूच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूत, जिथं 'बरं वाटणं' ठरतं त्या भागात, डोपामिन (मजा, ओढ याचं मेंदूतलं रसायन) पकडणाऱ्या डी-टू नावाच्या जागा कमी असतात. आपण साध्या भाषेत असं धरू की पोरांचं हसणं, गरम भाकरी, मॅच, याची चव त्या मेंदूला फिकी लागते. दुसरं, बाटलीचा नुसता फोटो दाखवला तरी मेंदू उठून बसतो, पण कमी पिणाऱ्यांत आणि जास्त पिणाऱ्यांत जागा वेगळी. कमी पिणाऱ्यांत मजेचा भाग, जास्त पिणाऱ्यांत जरा वरचा, सवयीचा भाग. सायकल चालवताना पाय आपोआप फिरतात नव्हे का, तसलं. म्हणून "मला कळलंच नाही मी कधी आत गेलो" हे वाक्य दरवेळी थाप नसतं. (दरवेळी खरंही नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

आणि तुमच्या नवव्या दिवसाबद्दल. येल युनिव्हर्सिटीतला २०१३ चा एक अभ्यास आहे, सोडून चार ते आठ आठवडे झालेली माणसं घेतली, त्यांना त्यांच्याच आयुष्यातले ताणाचे प्रसंग ऐकवले, आणि मग निवांत प्रसंगही. आपल्याला वाटतं ताणात मेंदू बिघडत असणार. पण ज्यांच्या कपाळामागचा एक भाग निवांत प्रसंग ऐकतानाही शांत बसत नव्हता, गुरगुरत होता, ते लवकर परत प्यायले. म्हणजे भांडण नव्हतं, सगळं छान होतं, तरी प्यायले, यात नाटक शोधायची गरज नाही. बाहेरून छान होतं, आतून इंजिन बंदच झालेलं नव्हतं. मी हा पेपर वाचला तेव्हा आमच्या मामांची सगळी 'विनाकारण' प्यायलेली वर्षं डोळ्यापुढनं गेली, आम्ही प्रत्येक वेळी कारण विचारून त्यांचा जीव खायचो.

आता चांगली बातमी, आणि हीच मशीनची खरी कमाई मी मानतो. सोडल्यावर मेंदू भरून येतो. अमेरिकेतले संशोधक टिमोथी डुराझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच माणसांचे पुन्हा पुन्हा एमआरआय काढले, पहिल्या महिन्यात भराभर सुधारणा, मग हळू, आणि सात-साडेसात महिन्यांपर्यंत चालूच. २०२३ च्या पेपरात तेवढ्या काळात मेंदूच्या सालीची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडी बहुतेक भागांत न पिणाऱ्यांच्या बरोबरीला आली होती. सिगारेट ओढणारे आणि बीपीवाले मागं राहिले, म्हणून तेही बघून घ्या. २१ दिवस म्हणजे त्या हिशोबात प्लास्टर घातल्या घातल्या पळायला सांगण्यासारखं. केंद्रवाल्यांचा दोष नाही म्हणत मी, पण घरी आल्यावरचे सहा-सात महिनेच खरे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. रोज पिणाऱ्यानं घरात कोंडून एकदम बंद करायचं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे दिसतात, लोक म्हणतात धारवाडच्या मनोरुग्णालयात न्या, पण त्या वेळी आधी जवळचा दवाखाना गाठायचा. आणि तिथं सांगायचं की पिणारा माणूस आहे, ग्लुकोजच्या आधी बी-वन व्हिटॅमिन द्या. आपल्याकडं अशक्तपणा म्हटलं की सलाईन लावायची घाई, पण बी-वन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते, डोळे फिरतात, तोल जातो, आठवण जाते. इथं मात्र डॉक्टर म्हणाले तर एमआरआय जरूर काढा, हे त्यात बऱ्याचदा दिसतं. चहातून गुपचूप द्यायच्या गोळ्या मात्र अजिबात नको, वरून दारू पडली की बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. सुटायला मदत करणारी दुसरी औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञाकडून, त्यांना सांगून द्यायची.

तुम्ही शेवटी मुलाचं विचारलंय, रक्तात येतं का. आपल्याच कर्नाटकातलं काम आहे, बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या मोठ्या सरकारी संस्थेत विवेक बेनेगल यांच्या टीमनं २००७ ला छापलं, बापाला व्यसन असलेली पण स्वतः अजून न प्यायलेली मुलं घेतली, तर त्यांच्या मेंदूतले काही भाग आधीच थोडे लहान निघाले, आणि जितके लहान तितका उतावळा, दांडगा स्वभाव जास्त. म्हणजे सगळं आकसणं दारूनंच होतं असंही नाही. माझे वडील पाकिटातली साराई, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, प्यायचे, २००७ च्या जुलैत सरकारनं ती बंद केली तर दुसऱ्या महिन्यात क्वार्टरवर आले. तो पेपर मी नाईट ड्युटीला वाचला आणि मशीनकडं बघत बसलो, रिकामंच होतं, स्वतः आत जाऊन झोपावं असं वाटलं. नाही गेलो. तो पेपर जोखीम सांगतो, पत्रिका मांडत नाही. मी पन्नाशी गाठली, पीत नाही, पण लग्नात कुणी ग्लास पुढं केला की मी जागा बदलतो. मुलाला मोठा झाल्यावर एवढं मोकळेपणानं सांगा.

आमच्या मामांचं शेवटी सुटलं ते पंढरपूरला माळ घातल्यावर. देवाचं असेल, मी नाही म्हणत नाही, पण माझं मत असं की संध्याकाळी सात वाजता, ज्या वेळेला पाय आपोआप वळायचे, त्या वेळेला हरिपाठ आला आणि मित्र बदलले. शपथा त्यांनी त्याआधी सौंदत्तीला यल्लम्मापुढं, घरात, आईच्या पायावर बऱ्याच घेतल्या होत्या. तुमच्याकडं माळ नको असेल तर एए ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग, भजन, पोराची शिकवणी, काहीही, पण सातची वेळ रिकामी ठेवू नका. आणि गोव्याहून चोर्ला घाटामार्गे कुणी स्वस्तातला 'माल' आणून देत असेल तर त्याच्याशी तुम्ही किंवा दीर बोला, मिस्टरांना बोलायला लावू नका.

आणि एक काम आजच करा. नवव्या दिवशी ते कुठल्या रस्त्यानं गेले, कोण भेटलं, किती वाजले होते, एवढंच विचारा, रागावून नको. इथं येऊन लिहा, बघू त्या रस्त्याचं काय करता येतंय.