नागरिक मोजायचे की माणसं?

प्रश्न असा आला आहे: 'अमेरिकेच्या जनगणनेवर मराठीत लेख लिहिते आहे. पहिलं वाक्य: "अमेरिकेत दर दहा वर्षांनी सर्व नागरिकांची गणना होते, २०२० च्या गणनेत नागरिकत्वाचा प्रश्न विचारावा की नाही यावरून मोठा वाद झाला." मैत्रीण म्हणते इथे "नागरिक" चुकलं. मला चूक दिसत नाही. आणि जनगणना, शिरगणती, खानेसुमारी हे सगळं एकच ना?'

मैत्रिणीचं बरोबर आहे. तुमच्या वाक्याचा पूर्वार्धच उत्तरार्धाच्या मुळावर उठला आहे. गणना नागरिकांचीच असेल, तर 'तुम्ही नागरिक आहात का' हे विचारल्याशिवाय मोजणार कुणाला? मग वाद कसला? वाद झाला तो तिथे नागरिक मोजत नाहीत, माणसं मोजतात, म्हणून.

चूक तुमच्या एकटीची नाही, ती आपल्या वर्तमानपत्रांनी लावलेली सवय आहे. 'पाणीपुरवठा बंद राहिल्याने नागरिकांचे हाल', 'बिबट्या दिसल्याने नागरिकांत घबराट', 'संतप्त नागरिकांचा रास्ता रोको'. यातल्या एकाही ठिकाणी कुणी कुणाचा पासपोर्ट पाहिलेला नसतो. बिबट्याला घाबरलेल्यांत नेपाळहून आलेला रखवालदारही असतो आणि बातमीत तोही नागरिकच असतो. मराठी बातमीत 'लोक' जरा उघडंबोडकं वाटतं, 'जनता' राजकीय वाटते, 'माणसं' घरगुती वाटतात. म्हणून 'नागरिक' हा इस्त्री केलेला शब्द सर्रास घालतात. 'ज्येष्ठ नागरिक' म्हणजे तर निव्वळ म्हातारा माणूस. एरवी मी या वापराविरुद्ध तक्रार करत नाही, शब्द असेच सैलावतात. पण जिथे अख्खा खटला 'नागरिक' आणि 'व्यक्ती' या दोन शब्दांमधल्या फटीत उभा आहे, तिथे सैल शब्द घातला की अर्थाची माती होते.

खरं तर हा शब्द आधीपासूनच फिरता आहे. नगर, नागर, नागरिक: मुळात नगराशी संबंध असलेला. आणि गंमत पाहा, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' म्हणजे नगराचा कारभार पाहणारा अधिकारी. दुसऱ्या अधिकरणात 'नागरिकप्रणिधि' नावाचा अध्याय आहे, त्याचं पहिलंच वाक्य 'समाहर्तृवन्नागरिको नगरं चिन्तयेत्'. समाहर्ता, म्हणजे महसुलाचा मुख्य अधिकारी, जशी जनपदाची (नगराबाहेरच्या मुलखाची) काळजी वाहतो तशी नागरिकाने नगराची वाहावी. त्याच्या हाताखाली गोप. दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक गोप, आणि त्याने त्या कुटुंबांतल्या बायकापुरुषांची जात, गोत्र, नाव, काम, मिळकत आणि खर्च माहीत करून घ्यायचा. म्हणजे तिथे नागरिक मोजले जात नाहीत, नागरिक मोजून घेतो! माणसांच्या आकड्याला तिथे शब्द आहे 'जङ्घाग्र'. आपण डोकी मोजतो, कौटिल्याचा गोप पाय मोजायचा म्हणायला हरकत नाही. (संस्कृतातली जङ्घा गुडघ्याखालची, मराठीत येताना जांघ पार वर सरकली. हा वेगळाच विषय.)

'एखाद्या राष्ट्राचा कायदेशीर सभासद' हा आजचा अर्थ 'सिटिझन'ला प्रतिशब्द म्हणून पक्का झाला. 'सिटिझन'मध्येही सिटीच दडली आहे, त्यामुळे जोडी जुळली. पण आपल्या राज्यघटनेने भेद नीट पाळला आहे. उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी होते आणि त्याच वाक्यात पुढे 'सर्व नागरिकांस' येतं. कायद्यापुढची समानता देणारा अनुच्छेद १४ कोणत्याही 'व्यक्ती'ला लागू आहे; भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ 'नागरिकां'पुरता. मसुदा लिहिणाऱ्यांनी हे शब्द चवीपुरते बदललेले नाहीत.

आता अमेरिका. तिथल्या संविधानात जनगणनेच्या कलमात शब्द आहे 'पर्सन्स', व्यक्ती. मूळच्या मजकुरात गुलामांचा हिशेब तीन-पंचमांश धरला होता, ते लाजिरवाणं खरंच. पण 'गुलाम' हा शब्द तिथे टाळून 'इतर सर्व व्यक्ती' असं लिहिलं गेलं. पुढे १८५७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात आफ्रिकी वंशाचे लोक नागरिक असूच शकत नाहीत असं सांगितलं. म्हणजे ज्यांना नागरिक म्हणायची तयारी नव्हती, त्यांना संविधान व्यक्ती म्हणून, अपुऱ्या मापाने का होईना, मोजत होतं. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तो अपूर्णांक काढला आणि प्रत्येक राज्यातल्या 'व्यक्तींची पूर्ण संख्या' मोजायला सांगितलं. अपवाद एकच ठेवला, कर न देणाऱ्या मूळनिवासींचा. त्याच दुरुस्तीच्या पहिल्या परिच्छेदात नागरिक कोण याची व्याख्या आहे. म्हणजे 'नागरिक' हा शब्द समोर असूनही गणनेच्या परिच्छेदात त्यांनी 'व्यक्ती' लिहिलं.

याच आकड्यावर प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४३५ जागा राज्यांमध्ये वाटल्या जातात, सरकारी निधीही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतो. एखाद्या राज्यात माणसं कमी मोजली गेली तर तिथली जागा दुसरीकडे जाते.

मार्च २०१८ मध्ये तिथले वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांनी जाहीर केलं की २०२० च्या प्रश्नावलीत 'ही व्यक्ती अमेरिकेची नागरिक आहे का?' असा रकाना असेल. (बघा, प्रश्नातच दोन्ही शब्द आहेत. तुमच्या वाक्यावरचा उतारा तिथेच होता.) कारण दिलं ते मतदानातला वंशभेद रोखणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीचं. जनगणना विभागाच्याच तज्ज्ञांचा लेखी इशारा होता, की ज्या घरांत नागरिक नसलेली माणसं आहेत त्या घरांचा प्रतिसाद निदान ५ टक्क्यांनी घटेल. कागद नसलेला माणूस सरकारी फॉर्मवर खरं लिहून देण्यापेक्षा फॉर्मच परत पाठवणार नाही, हे कळायला खरं तर तज्ज्ञही लागत नाही.

या वादात शब्दांची आणखी एक झटापट होती. मंत्री म्हणत, आम्ही प्रश्न 'पुन्हा आणतो आहोत'. विरोधक म्हणत, 'नव्याने घुसवताहात'. दोघांकडे थोडंथोडं खरं होतं. १८२० च्या गणनेत नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी लोकांची नोंद झाली होती. पुढे कधी हा प्रश्न असे, कधी नसे. १९५० मध्ये तो परदेशात जन्मलेल्यांना विचारला, आणि त्यानंतर घरोघरच्या फॉर्मवरून तो गेला. १९७० ते २००० या काळात तो होता, पण निवडक घरांनाच जाणाऱ्या लांबलचक फॉर्मवर. २००५ पासून तो नमुना-पाहणीत विचारतात. म्हणून मराठीत 'प्रथमच' लिहाल तर चूक, आणि 'पूर्वीप्रमाणेच' लिहाल तरी चूक. देशातल्या प्रत्येक माणसाबद्दल एकाच वेळी तो पूर्वी कधी विचारला गेलाच नव्हता.

२७ जून २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं त्याचं भाषांतर करताना जपा. 'न्यायालयाने प्रश्न घटनाबाह्य ठरवला' असं लिहू नका. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाप्रमाणे असा प्रश्न विचारायला संविधानाची आडकाठी नाही. पण सरकारने दिलेलं कारण खरं कारण दिसत नाही, ते 'कन्ट्राइव्ह्ड' आहे. याला मराठीत काय म्हणाल? 'बनावट' नको, त्यात खोट्या सहीशिक्क्याचा वास येतो. 'ओढूनताणून आणलेलं' जवळ जातं, पण त्यात नुसती दुर्बलता आहे, हेतू नाही. मी 'बेतलेलं' लिहीन. शिंपी अंगाला बसेल असं कापड बेततो, तसं निर्णय आधी घेऊन त्याला बसेल असं कारण बेतलेलं. शब्दात 'बेत'ही आपसूक येतो. पंधरवड्यानंतर सरकारने तो प्रश्न सोडून दिला आणि नागरिकत्वाची माहिती इतर सरकारी दफ्तरांतून गोळा करण्याचा आदेश काढला. विषय संपलेला मात्र नाही. बेकायदा राहणाऱ्यांना न मोजणारी नवी जनगणना हवी, असं ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं.

'नागरिक'ऐवजी काय घालायचं? 'रहिवासी'. नेहमी जिथे राहतो, खातो, झोपतो तिथला तो रहिवासी. (मूळ रूप 'रहिवासी'च, 'रहिवाशांना' या सामान्यरूपातला श उचलून लोक 'रहिवाशी' लिहितात, ते टाळा.) न्यू जर्सीतलं एखादं मराठी घर डोळ्यांपुढे आणा. नवरा कामाच्या व्हिसावर, बायकोकडे ग्रीन कार्ड, मुलगी तिथेच जन्मली म्हणून अमेरिकेची नागरिक, आणि सांगलीहून सहा आठवड्यांसाठी आलेली आजी. गणनेच्या दिवशी, म्हणजे १ एप्रिलला, या घरात माणसं चार, रहिवासी तीन आणि नागरिक एक. आजी पाहुणी, ती धरायची नाही. तीन शब्द, तीन वेगळे आकडे. तुमचं मूळ वाक्य त्या घरात फक्त पोरीला मोजतं. आणि याच कुटुंबाने उद्या अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलं, तर कागदोपत्री नाव मिळेल 'भारताचे परदेशस्थ नागरिक'. त्या नागरिकाला भारतात मत नाही आणि पासपोर्टही भारताचा नाही. शब्दांची अशी थट्टा सरकारंच करू जाणोत.

रहिवास आणि हक्क वेगळे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या मराठी गावात मिरासदार वेगळा, उपरी वेगळा. दोघेही तिथेच राबायचे, दोघेही सारा भरायचे; पण जमिनीवरचा पिढीजात हक्क आणि गावातला मान मिरासदाराचा. 'उपरा'मधला बोचरेपणा त्याच कुळातला. आजही वय, राष्ट्रीयत्व व अधिवास असा तिहेरी दाखला काढताना 'राष्ट्रीयत्व' आणि 'अधिवास' हे वेगवेगळे शब्द आपण मुकाट्याने भरतोच की.

मी स्वतः फेब्रुवारी २००१ मध्ये प्रगणक होतो; शिक्षकांच्या वाट्याला ते येतंच. घरोघरी 'इथे किती नागरिक राहतात?' असं विचारलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. 'किती माणसं?' एवढंच विचारायचो. एका आजींनी तर 'खाती तोंडं सात, कमावते हात दोन' असं चोख उत्तर दिलं होतं. एका इमारतीच्या जिन्याखाली राहणारा नेपाळी गुरखा मात्र पुन्हापुन्हा म्हणत होता, 'साब, हमारा मत लिखो, हम इधर का नहीं.' त्याला वाटलं लिहिलं की हाकलतील. मुक्काम इथलाच होता, म्हणून लिहिलं. फॉर्मवर कुठेही त्याला तू कुठला नागरिक असं विचारायचं नव्हतं, हे त्याला पटवायला एक चहा खर्ची पडला.

उरले तुमचे तीन शब्द. ते एक नाहीत. 'खानेसुमारी' फारसीतून आलेली: खाना म्हणजे घर (दवाखाना, कारखान्यातला), आणि शुमार म्हणजे गणती. मुळात ही घरांची मोजणी, 'शंभर उंबऱ्यांचं गाव' म्हणतो त्या जातीची. नंतर इंग्रजी अमलात माणसांच्या मोजणीलाही तेच नाव चिकटलं. त्याच 'शुमार'ची बाकीची पिलावळ मराठीत कशी वागते पाहा: 'बेसुमार' म्हणजे मोजता न येणारं, 'सुमारे' म्हणजे नीट न मोजलेलं, आणि 'सुमार' म्हणजे मोजण्याच्या लायकीचं नसलेलं! 'शिरगणती' डोक्यांची, तिचं गणित 'दरडोई'सारखंच सरळ आहे, डोकं दिसलं की एक. त्यात जरा मेंढरं मोजल्याचा सूर लागतो, म्हणून सरकारी कागदावर ती टिकली नाही. १९४८ चा कायदा 'जनगणना अधिनियम' आहे. पण या विशिष्ट वादासाठी मला शिरगणतीच अचूक वाटते. शिराला नागरिकत्व नसतं. फॉर्म परत न पाठवणारी घरं आकड्यातून गळतात, त्यांच्यासाठी तर आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहेच: खिजगणतीत नसणे.

आणि तुमच्या वाक्यातली दुसरी खोच मैत्रिणीच्याही नजरेतून सुटली: 'नागरिकत्वाचा प्रश्न'. मराठीत प्रश्न म्हणजे विचारणाही आणि अडचणही. पाण्याचा प्रश्न, सीमाप्रश्न, तसा नागरिकत्वाचा प्रश्न. उद्या 'जनगणनेतील नागरिकत्वाचा प्रश्न निकालात' असा मथळा आला, तर वाचकाला वाटेल लाखो लोकांना नागरिकत्व मिळालं. झालेलं असेल एवढंच, की फॉर्मवरची एक ओळ खोडली. म्हणून मी वाक्य असं करीन: 'अमेरिकेत दर दहा वर्षांनी सर्व रहिवाशांची गणना होते, २०२० च्या गणनेत प्रत्येकाला तो नागरिक आहे का हे विचारावं की नाही यावरून मोठा वाद झाला.' 'विचारावं' आणि 'वरून' जवळजवळ आल्याने ते जरा अडखळतं खरं. तेवढं तुम्ही बघा.