वाचकांचे प्रश्न : रुळावर आलेला हत्ती

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ओंकार’ हत्ती सिंधुदुर्गातून मोप-तांबोसे भागात उतरला, तेव्हा आम्हाला माडांची, केळींची आणि उभ्या भाताची काळजी होती. पण आमच्या तालुक्यातून कोकण रेल्वेही जाते. हत्ती रुळावर आला, तर चालकाला गाडी थांबवता येत नाही का? — एक बागायतदार, पेडणे

उत्तर : बहुतेक वेळा येत नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही पाऊण ते एक किलोमीटर पुढे जाते. इंजिनाच्या दिव्यात मात्र रूळ जेमतेम काहीशे मीटर दिसतो आणि वळणावर किंवा मुसळधार पावसात तेवढाही नाही. हॉर्न ऐकून हत्ती बाजूला होतो, हेही नेहमी खरे नसते. डोंगर कापून काढलेल्या खोल कटिंगमध्ये शिरलेल्या जनावराला बाजूला व्हायला जागाच नसते, त्यामुळे ते रुळांवरूनच पुढे पळते. आणि कळपात पिल्लू असले की माद्या त्याला सोडून हलत नाहीत. एका धडकेत इतके हत्ती दगावतात ते यामुळेच. उत्तर बंगालमध्ये बनरहाटजवळ सप्टेंबर २०१० मध्ये सात हत्ती गेले आणि आसामच्या होजाई जिल्ह्यात डिसेंबर २०२५ मध्ये राजधानी एक्सप्रेसच्या धडकेत पुन्हा सात.

तेव्हा हत्ती आल्याची बातमी चालकाला काही किलोमीटर आधीच मिळायला हवी. ईशान्य सीमा रेल्वेने रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची कंपने टिपून स्टेशनमास्तरला सावध करणारी यंत्रणा बसवली आहे, तर तामिळनाडूत मदुक्करई येथे मनोऱ्यांवरचे थर्मल कॅमेरे रात्रीही हत्ती ओळखतात. हत्ती मधमाश्यांना घाबरतो, म्हणून फाटकांजवळ त्यांचा गुंजारव ऐकवण्याचा प्रयोगही झाला आहे; पण तो त्या जागेपुरता, लांबच लांब मार्गाला तो कसा पुरणार?

पेडण्यात अधूनमधून येणाऱ्या एखाद्या हत्तीसाठी एवढी महागडी यंत्रणा उभारावी, असे मला वाटत नाही. हत्तीच्या मागावर असलेल्या वनखात्याच्या पथकाने जवळच्या स्टेशनमास्तरला फोन करावा आणि तेवढ्या टप्प्यासाठी चालकांना सतर्कतेचा आदेश देऊन वेग उतरवावा, एवढी शिस्त पुरेशी आहे. दरडींच्या भीतीने कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लावते आणि धो धो पावसात पुढचे दिसेनासे झाले की गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणते. दरडीसाठी जे जमते, ते हत्तीसाठी न जमण्यासारखे काहीच नाही.

प्रश्न : कुळे–कॅसलरॉक घाटात गाडीची धडक बसलेला गवा मी पाहिला आहे. उद्या हत्ती असा जखमी झाला, तर त्याला वाचवता येते का? — एक वाचक, कुळे

उत्तर : काही वेळा येते, पण हाताशी वेळ फार थोडा असतो. कुशीवर पडून राहिलेल्या हत्तीचे स्वतःचेच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि खालच्या बाजूच्या स्नायूंवर येते. त्यामुळे जखम जिवावरची नसली तरी नुसत्या पडून राहण्याने तो दगावू शकतो. पशुवैद्य कानामागच्या शिरेतून सलाईन लावतात, उन्हात अंगावर पाणी ओततात, कूस बदलतात आणि जमेल तितक्या लवकर रुंद पट्टे व क्रेन लावून त्याला उभे करू पाहतात. कंबरेचे किंवा मणक्याचे हाड मोडले असेल, तर मोठ्या हत्तीच्या बाबतीत आशा कमीच. पिल्लांचे वजन कमी असल्याने त्यांना संधी अधिक मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात रेल्वेच्या धडकेत आई गेली आणि मागे राहिलेल्या ‘बानी’ नावाच्या पिल्लाचे मागचे पाय निकामी झाले होते. मथुरेत वाइल्डलाइफ एसओएस संस्थेचे २०१८ पासून चालणारे हत्ती-रुग्णालय आहे; तिथे मालिश, पाण्यातले व्यायाम आणि लेझर उपचार घेऊन ती पुन्हा चालू लागली, मात्र चालीतला दोष राहिलाच.

आपण १३९ किंवा ११२ वर कळवावे आणि लांब थांबावे. घाबरलेला हत्ती गर्दी पाहून उठायची धडपड करतो आणि मोडलेले हाड आणखी सरकते. त्याला बेशुद्ध करणे किंवा पकडणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून हौशी मंडळींनी दोर घेऊन पुढे होऊ नये.

प्रश्न : खिडकीतून टाकलेल्या खाण्याने जनावरे रुळांवर येतात, हे खरे का? — एक प्रवासी, मडगाव

उत्तर : खरे आहे. उरलेली भाजी-चपाती डब्यातच ठेवावी आणि स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकावी.