मधुमेहाच्या नव्या गोळीची चाचणी: तुमचे प्रश्न

प्रश्न: ९ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी चालू असूनही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.३ टक्क्यांच्या खाली येत नाही. डॉक्टरांनी नव्या गोळीच्या चाचणीत भाग घ्यायला सुचवलंय. घरचे म्हणतात, स्वतःवर प्रयोग कशाला करून घ्यायचा?

उत्तर: घरच्यांची काळजी रास्त आहे. आधी विचारा, चाचणी कोणत्या टप्प्यातली? पहिल्या टप्प्यात गोळी माणसाला प्रथमच देतात, तीही सहसा मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना. दुसऱ्यात रुग्णांवर योग्य डोस शोधतात. तिसऱ्यात शेकडो, कधी हजारो रुग्ण असतात. तुमची चाचणी तिसऱ्या टप्प्यातली असेल, तर तुमच्याआधी बऱ्याच जणांनी ती गोळी घेतलेली आहे. धोका संपला असं मात्र नाही. संमतिपत्र घरी आणा, सगळ्यांनी मिळून वाचा, शंका लिहून काढा. ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्या केंद्रात मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

प्रश्न: काही जणांना प्लासिबो मिळेल, असं संमतिपत्रात आहे. म्हणजे सहा महिने साखर वाढू द्यायची?

उत्तर: नाही. प्लासिबो म्हणजे हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. अनेक चाचण्यांत तुमचं मेटफॉर्मिन चालूच राहतं आणि त्याच्या जोडीला नवी गोळी किंवा प्लासिबो येते. काही चाचण्यांत मात्र जुनी औषधं काही आठवडे थांबवतात. तुमच्या बाबतीत काय करणार, हे स्पष्ट विचारा. साखर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की दुसरं औषध सुरू करण्याची तरतूद असते. ती मर्यादा किती, तो आकडा मागून घ्या.

प्लासिबोशिवाय भागत का नाही? चाचणीत आलेला माणूस पथ्य सांभाळतो, औषध चुकवत नाही, वेळेवर तपासणीला येतो. तेवढ्यानेही साखर उतरते. ती घट वजा केल्याशिवाय गोळीचं खरं काम कळत नाही. आणि एचबीएवनसी रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजतं. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीएवनसीत पूर्ण फरक दिसायला तीन-चार महिने तरी लागतातच.

प्रश्न: साखर उतरते हे एकदा सिद्ध झालं, तर पुढे इतकी वर्षं तपासत का बसतात?

उत्तर: कारण साखर उतरवणाऱ्या गोळीनेही माणसं दगावली आहेत. ट्रोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाला अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली. साखर ते उतरवत होतं, पण काही रुग्णांचं यकृत निकामी झालं आणि २००० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधामुळे हार्ट अटॅकचा धोका वाढतो का, ही शंका २००७ मध्ये पुढे आली. पुढच्या फेरतपासणीनंतर अमेरिकेतले निर्बंध सैल झाले, पण त्याआधी, २००८ मध्ये, तिथल्या औषध नियामकाने मधुमेहाच्या नव्या औषधांसाठी हृदयाची सुरक्षितता दाखवण्याची अपेक्षा ठेवली होती. त्यातून एक चांगली गोष्ट हाती लागली. एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या औषधाने हृदयविकार असलेल्या मधुमेहींमधले हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केल्याचं २०१५ मध्ये दिसलं. सुरक्षितता तपासायला गेले आणि जीव वाचवणारा गुण सापडला!

यकृताची धास्ती अजून गेलेली नाही. फॅसिग्लिफाम हे औषध २०१३ मध्ये तिसऱ्या टप्प्यात पोचूनही यकृताच्या काळजीमुळे सोडून दिलं. डॅनुग्लिप्रॉन या आणखी एका गोळीचं काम २०२५ मध्ये थांबलं, तेही चाचणीतल्या एका व्यक्तीच्या यकृताला औषधामुळे इजा झाली असावी अशी शंका आल्यावर. चाचणीत लिव्हरसाठी पुन्हा पुन्हा रक्त घेतात ते यासाठी. कंटाळा आला तरी त्या तारखा चुकवू नका.

प्रश्न: इंजेक्शनची नवी औषधं गोळीच्या रूपात का देत नाहीत?

उत्तर: ही इंजेक्शनं मुख्यतः जीएलपी-१ गटातली, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करणारी. त्यातली बहुतेक औषधं पेप्टाइड आहेत, म्हणजे प्रथिनासारख्या साखळ्या. पोटात त्या पचून जातात. याच गटातल्या सेमाग्लुटाइडची गोळी २०१९ मध्ये आली, पण तिच्यातलं जेमतेम १ टक्का औषध रक्तात पोचतं. म्हणून ती उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिली पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. याच गटातली ऑरफोरग्लिप्रॉन ही गोळी पेप्टाइड नसल्याने तिला ही बंधनं लागत नाहीत. तिच्या २०२५ च्या ४० आठवड्यांच्या चाचणीत एचबीएवनसी डोसनुसार १.३ ते १.६ ने उतरलं. मळमळ आणि जुलाब मात्र या गटात नेहमीचेच.

प्रश्न: मध्येच सोडावंसं वाटलं तर? आणि गुण आला तर गोळी पुढेही मिळेल का?

उत्तर: कारण न सांगताही केव्हाही बाहेर पडता येतं आणि तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत. फक्त गोळ्या परस्पर बंद करू नका. केंद्राला कळवा आणि शेवटची तपासणी करून घ्या. पुढे गोळी मिळेलच असं नाही, त्यामुळे हा प्रश्न सही करण्याआधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.