किनिलाव पहिल्यांदा करताना
फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरचे किनिलाव, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेली कच्ची मासळी, तुम्हाला शिकायचे आहे याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला सारे लक्ष मासळीवरच द्या. तिथली तानिगे म्हणजे आपली सुरमई. कापताना मांस घट्ट आणि चकचकीत नसेल, तर ती सरळ कालवणात घाला. व्हिनेगरने तुकडे पांढरे पडले तरी मासा शिजत नाही आणि जंतूही सगळे मरत नाहीत, म्हणून पकडल्यापासून बर्फात ठेवलेलीच मासळी विश्वासू कोळणीकडून घ्यावी.

नवशिके तुकडे तासन्‌तास मुरवतात आणि ते चिवट होतात. कडा पांढुरक्या होताच वाढावेत. व्हिनेगर माडीचे घ्या, गोव्यात ते सहज मिळते. आले, कांदा, मिरची आणि कालामान्सीऐवजी (तिथले लिंबासारखे छोटे आंबट फळ) लिंबू एवढे पुरे. नारळाचे दूध घालून करायचा प्रकार पुढच्या खेपेस.