जंप स्टार्टनंतर बॅटरीचा दिवा विझत नाही, ऑल्टरनेटर बदलायलाच हवा का?

ऑल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, पैसे इतक्यात मोजू नका. चवथीच्या दिवसांत गाडी दारात उभी राहून बॅटरी उतरली, शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावताना लाल-काळं उलटं झालं, मोठी ठिणगी उडाली, मग केबल सरळ लावून गाडी सुरू झाली पण बॅटरीचा लाल दिवा तसाच, आणि गॅरेजवाला म्हणतो ऑल्टरनेटर गेला, असं तुम्ही लिहिलंय. गेला असेलही. पण मीटर न लावता कोणी असं सांगत असेल तर तो अंदाज आहे. मी फोंड्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. उलट्या केबलची गाडी आली की मी आधी मोठा फ्यूज बघतो.

ऑल्टरनेटरमधून बॅटरीकडे जी जाड वायर जाते तिच्या वाटेत हा फ्यूज असतो. बहुतेक गाड्यांत ८० ते १५० अँपिअरच्या दरम्यानचा, नटाने आवळलेला. काहींत तो बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये असतो, काहींत थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात. ऑल्टरनेटरमध्ये डायोड असतात, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात. केबल उलटी लागली की त्यांच्यातून करंट सरळ धावत सुटतो आणि फ्यूज वितळतो. तो वेळेत वितळला तर डायोड वाचतात.

साधा मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.७ दिसतात. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा, मग मोजा: १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवेत. (लोड टाकायचा अशासाठी, की नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि माणूस उगाच घाबरतो.) आकडा १२ च्या खाली घसरत चालला असेल तर बॅटरीपर्यंत काही पोचत नाहीये.

आता खरी परीक्षा. इंजिन बंद करा. ऑल्टरनेटरच्या मागे रबरी टोपीखाली जाड वायरचा बोल्ट असतो. मीटरचं लाल टोक त्या बोल्टला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले तर फ्यूज शाबूत आहे, आणि मग ऑल्टरनेटरवर संशय घ्यायला हरकत नाही. शून्य किंवा शून्याच्या जवळपास दिसलं तर फ्यूज उडालाय, नाहीतर वायर तुटलीय. त्या बोल्टवर पाना ठेवून बॉडीला टेकवू नका, फ्यूज चांगला असेल तर तिथे बॅटरीची पूर्ण ताकद असते.

फ्यूज बदलताना आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, मगच फ्यूजचे नट, बहुधा दहाच्या पान्याने निघतात. जुना फ्यूज हातात घेऊन नीट बघा. मधली पट्टी वितळून तुटलेली आणि प्लास्टिक स्वच्छ असेल तर एकदम जास्त करंट गेलाय, म्हणजे तुमची ठिणगीच. पण नटाजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं असेल तर नट सैल होता. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे मी फार बघतो. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढते, जोड तापतो आणि फ्यूज बिचारा फुकट मरतो. तिथे नुसता फ्यूज घालून भागत नाही, जोड घासून साफ करावा लागतो. डोळ्याला काहीच दिसत नसेल तर मीटरच्या बझरवर तपासा (वाजला तर फ्यूज सलग आहे), केसाएवढी चीर दिसत नाही.

नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच आकाराचा. काही गाड्यांत तो सुटा मिळत नाही, टर्मिनलवरचा अख्खा ठोकळा घ्यावा लागतो. तरी ऑल्टरनेटरच्या मानाने किरकोळ खर्च. ‘सध्या तांब्याची तार घालतो, मागाहून बघू’ म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. पुढच्या शॉर्टला ती वायरच पेटेल.

फ्यूज बसवण्याआधी मीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवून ऑल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत दोन्ही बाजूंनी तपासा, अर्थात जाड वायर सोडवून. एका दिशेने आकडा आणि दुसऱ्या दिशेने काही नाही, तर ठीक. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर डायोड शॉर्ट आहेत, नवा फ्यूजही लगेच उडेल, आणि तेव्हा मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. त्यातही आधी रिपेअर करणाऱ्याला विचारा, पुष्कळदा नुसती डायोड प्लेट बदलून काम होतं.

आणि एक. ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा, गाडी बंद पडली तर ऑल्टरनेटर खराब’ ही जुनी युक्ती कोणी सुचवली तर नको म्हणा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

हे होईपर्यंत चोर्ला घाटाने बेळगावला जायचा बेत पुढे ढकला. गाडी निव्वळ बॅटरीवर चाललीय. रात्री पावसात वायपर-हेडलाइट लावलेत की ती कुठल्याही वळणावर बंद पडेल. आणि फ्यूज घातल्यावर उतरलेली बॅटरी बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला टाका, ते काम ऑल्टरनेटरवर ढकलू नका.